धड्यांची वाटणी

दिवाळीच्या दिवसांत ज्या घरात एकाहून अधिक मुले असतात, त्या घरातल्या आईला थोडे न्यायाधीशाचेही काम करावे लागते. करंज्या मोजून द्याव्या लागतात, फुलबाज्यांच्या पेट्या सारख्या वाटाव्या लागतात, आणि धाकट्याच्या ताटात बेसनाचा एखादा लाडू अधिक पडला तर थोरला लगेच हिशेब मागतो. ‘सारखे द्या’ हा मुलांनी आपला आपण शोधून काढलेला पहिला नीतिनियम असावा. कायदा आणि धर्म यांची नावे कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मूल वाटणीतला अन्याय ओळखू लागते. पण त्याच दिवाळीत कपडे घेण्याची वेळ आली म्हणजे हा नियम निमूटपणे बाजूला ठेवावा लागतो. तीन मुलांना एकाच मापाचे सदरे आणणाऱ्या बापाला कोणी न्यायी म्हणणार नाही. लाडू सारखे वाटावयाचे आणि सदरे ज्याच्या त्याच्या मापाने घ्यावयाचे, एवढे शहाणपण प्रत्येक घरात उपजतच असते.

आता प्रश्न असा की, शिक्षण हे या दोहोंपैकी कशासारखे आहे? ते लाडवासारखे सारखे वाटावे, की सदऱ्यासारखे मापाने बेतावे? आणि माप घ्यावयाचे तर ते कोणी घ्यावे?

बहुतेक आईबापांना हा प्रश्न पडत नाही, कारण शाळेने तो त्यांच्यासाठी आधीच सोडवून ठेवलेला असतो. जून उजाडला की पाचवीतल्याला पाचवीची पुस्तके येतात आणि आठवीतल्याला आठवीची. इयत्ता ही मोठी सोयीची वस्तू आहे. ती मुलाचे वय पाहते. पन्नास-साठ मुले एका खोलीत बसवावयाची असली म्हणजे वयापलीकडचे काही पाहण्यास तिला सवडही नसते. परंतु अलीकडे या मुंबईत काही घरे अशी आढळू लागली आहेत की, ज्यांनी मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकविण्याचे ठरविले आहे. संख्येने ती थोडी आहेत आणि त्यांचा मार्ग सर्वांनी धरावा असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. पण आपल्या सर्वांच्या घरात झाकून राहिलेला प्रश्न त्यांच्या घरात उघडा पडतो, म्हणून त्यांच्याकडे लक्ष द्यावेसे वाटते.

कायद्याच्या दृष्टीने हा मार्ग थोडा धूसर आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळावे ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आणि मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे दहाव्या कलमात सांगितले. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. शिवाय पुढच्या वाटा अगदीच बंद नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, बारावीची पंधरा झाल्यावर. आणि मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ आहेच. कोणाचे शिक्षण आजारपणाने सुटले, कोणाचे नोकरीने, ते सारे या फॉर्मवर बाहेरून परीक्षेला बसत आले आहेत.

या मार्गाचे जे उदाहरण मुंबईत सर्वांच्या तोंडी झाले, ते मालविका राज जोशी या मुलीचे. दादरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या या मुलीला तिच्या आईने शाळेतून काढले आणि आवडीचे विषय घरी शिकू दिले. मालविका संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळविली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आय.आय.टी.चा दरवाजा तिला बंद होता. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिला एम.एस्सी.च्या तोडीच्या अभ्यासाला घेतले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.ने तिला प्रवेश दिला. ही कथा ऐकून आनंद वाटतो. पण तिचे तात्पर्य काढताना सावध राहावयास हवे. पदके मिळाली म्हणून आईचा निर्णय योग्य ठरला, असे म्हटले तर पदके न मिळणाऱ्या हजारो मुलांच्या आयांना आपण काय सांगणार? निर्णय घेतला त्या दिवशी पदके कोठेच नव्हती. होती ती फक्त बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आणि तिच्याविषयी विचार करणारी आई. निर्णयाची नीती त्या दिवशीच्या विचारात शोधली पाहिजे, पुढच्या फळात नव्हे.

शिवाय ही एका मुलीची कथा झाली. मुले दोन-तीन असली आणि त्यांच्या वयांत अंतर असले म्हणजे गुंता वाढतो. समजा, दादरमधल्या दोन खोल्यांच्या एका घरात थोरली तेरा वर्षांची, मधला नऊ वर्षांचा आणि धाकटा पाच वर्षांचा आहे. आई अभ्यासक्रम निवडावयास बसते. एका बाजूला बालभारतीची पुस्तके आहेत, दुसऱ्या बाजूला केंब्रिजची, तिसऱ्या बाजूला माँटेसरीचे मणी आणि ठोकळे आहेत, आणि वर्षभराचा अभ्यास एका खोक्यात भरून पाठविणाऱ्या परदेशी मंडळ्याही आहेत. प्रत्येकाला त्याच्या वयाचे वेगळे द्यावे तर त्या दोन खोल्यांत तीन शाळा भरतात आणि तिन्ही शाळांचा शिक्षकवर्ग म्हणजे ती एकटी आई. तिघांना एकत्र बसवावे तर धाकटा कंटाळतो आणि थोरली अडून राहते. सोय पाहून निवडावे तर मुलांवर अन्याय, आणि मुलांकडे पाहून निवडावे तर त्या बाईला दिवसाचे चोवीस तास पुरत नाहीत. अशा घरांच्या वर्णनात ‘घरी शिकवितात’ हे क्रियापद कर्त्यावाचून वापरण्याची पद्धत आहे. तो कर्ता बहुधा आई असतो, हे नमूद करून ठेवलेले बरे.

या प्रश्नाशी ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्या एका बापाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १८९७ च्या जानेवारीत मोहनदास करमचंद गांधी दर्बानला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर तीन मुले होती : बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा आणि स्वतःचे नऊ व पाच वर्षांचे दोन मुलगे. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळाला असता. पण इतर हिंदी मुलांना जो दरवाजा बंद, त्यातून आपली मुले आत सोडणे गांधींना रुचले नाही. तेव्हा त्यांनी घरीच व्यवस्था केली. दरमहा सात पौंड देऊन एक इंग्रज शिक्षिका ठेवली, आणि गुजराती ते स्वतः शिकवीत, वेळ मिळेल तसे. वेळ फारसा मिळत नसे. मुलांना पुरेसे पुस्तकी ज्ञान आपण देऊ शकलो नाही आणि मुलांच्या मनात त्याची खंत आहे, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

पुढे १९०२ मध्ये गांधींनी मुंबईत वकिली करण्याच्या इराद्याने गिरगावात बिऱ्हाड केले. तेथे दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधींना ते मान्य नव्हते. त्यांना जलोपचार करावयाचे होते. मूल दहा वर्षांचे, त्याला काय विचारावयाचे, हा विचार त्यांच्या मनात आला. तरी त्यांनी त्याला सर्व सांगितले. मणिलालने जलोपचारच करा, असे म्हटले. मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून बाप अस्वस्थ मनाने चौपाटीवर फेऱ्या मारून आला, आणि सुदैवाने ताप उतरला. या प्रसंगातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गांधींनी जाता जाता नोंदलेले एक सत्य : मुलाचे उत्तर ऐकून आपल्याला आनंद झाला, पण आपण ते दुसरे अन्न दिले असते तर त्याने तेही घेतले असते, हे आपल्याला ठाऊक होते.

घरी शिकविणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे वाक्य मनाशी घोळवावे असे आहे. ‘आम्ही मुलाला विचारले, त्यालाही हेच हवे आहे,’ असे आपण समाधानाने सांगतो. शाळा बदलताना सांगतो, माध्यम निवडताना सांगतो, तबल्याच्या क्लासला घालतानाही सांगतो. पण दहा वर्षांच्या मुलाचा होकार हा पुष्कळदा आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी असतो. ते आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देते. म्हणून त्याला विचारू नये असे नव्हे. विचारावे, अवश्य विचारावे. पण त्या होकारावर आपली जबाबदारी टाकून मोकळे होऊ नये.

याच बापाच्या घरातला नकार मात्र खरा होता. तो थोरल्या हरिलालचा. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मवर जी शाळा भरत असे तिच्यात सात वर्षांच्या पोरापासून वीस वर्षांच्या तरुणापर्यंत सर्व एकत्र शिकत. सकाळ शेतातल्या कष्टांत जाई आणि दुपारच्या जेवणानंतर वर्ग भरे. तेव्हा शिकणाऱ्यांच्या आणि शिकविणाऱ्यांच्याही डोळ्यांवर झापड येई, मग डोळ्यांना पाणी लावून धडा पुढे चाले. पाठ्यपुस्तकांची उणीव गांधींना तेथे फारशी भासली नाही. शिक्षकाचे जीवन हेच खरे पुस्तक, असे ते मानीत. पण हरिलालला पुस्तक हवे होते, परीक्षा हवी होती. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी एका तरुणाला इंग्लंडमध्ये शिकविण्याचा खर्च देऊ केला, तेव्हा गांधींनी स्वतःच्या मुलाऐवजी नात्यातल्या छगनलालची निवड केली. सार्वजनिक नीतीच्या तराजूत ही निवड उजळून दिसते. घरच्या तराजूत हरिलालला ती कशी वाटली असेल, ते सांगावयास नको. १९११ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो घर सोडून मॅट्रिकच्या अभ्यासासाठी अहमदाबादला आला. मॅट्रिक त्याला साधली नाही. पुढची कहाणी अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकामुळे मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहे. १८ जून १९४८ रोजी शिवडीच्या रुग्णालयात, क्षयाने, त्याचा अंत झाला.

त्या साऱ्या शोकांतिकेचे खापर घरच्या शिक्षणावर फोडणे अन्यायाचे होईल. त्याच घरात, त्याच तत्त्वांवर वाढलेल्या मणिलालने ‘इंडियन ओपिनियन’ पत्र अनेक वर्षे निष्ठेने चालविले आणि देवदास ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक झाले. एका तत्त्वाची अशी वेगवेगळी फळे आली. मला त्यातून एवढेच दिसते की, तत्त्व कितीही थोर असले तरी ते सर्व मुलांना सारखे लागू पडत नाही; आणि ते कोणाला लागू पडत नाही, हे ओळखण्याची एकच खूण असते : मोठ्या झालेल्या मुलाचा नकार. तो ऐकावयास कान तयार नसतील, तर बाप कितीही मोठा असो, त्याच्या न्यायात काहीतरी उणे राहते.

शिवडीहून परळ फार दूर नाही. धड्यांची वाटणी करण्याचा दुसरा एक प्रसंग परळात घडला, आणि त्यात तत्त्वापेक्षा दारिद्र्याचा भाग अधिक होता. लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत असे. खोली एकच, तीत स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सारे काही. धाकटा भीमराव संध्याकाळी लवकर झोपे. म्हातारा बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवी आणि स्वतः अंग टेकी. मुलाला हव्या असलेल्या पुस्तकांसाठी सुभेदार आपल्या विवाहित मुलींच्या दारी जाऊन दागिना मागत आणि तो गहाण टाकून पैसे उभे करीत. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या भावाला शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा चर्नी रोडच्या बागेत त्याला वाचताना नेहमी पाहणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

ही गोष्ट आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील उज्ज्वल प्रसंग म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात एक थोरला भाऊ आहे, दागिने देणाऱ्या बहिणी आहेत. त्यांच्या वाट्याचे काहीतरी या धाकट्याच्या वाट्यात पडले. एका मुलाला अधिक देणे हा प्रत्येक वेळी अन्याय असतो असे नाही. कधी कधी तोच न्याय असतो. मात्र कोणी काय सोडले, याची जाण त्या घराने ठेवली पाहिजे. जे घर ही जाण ठेवते, तेथे सोडणाऱ्याचा त्याग होतो. जे घर ती ठेवत नाही, तेथे त्याची नुसती वंचना होते.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि साऱ्या देशातल्या घरांवर, इच्छा असो वा नसो, शाळा होण्याची पाळी आली. लालबाग-परळच्या चाळींत, जेथे एका खोलीत तीन पिढ्या राहतात, तेथे एक मोबाइल आणि तीन मुले असा हिशेब पडला. मोबाइल कोणाला द्यावयाचा? बहुतेक घरांनी तो दहावीतल्याला दिला, कारण परीक्षा त्याची होती. हे उत्तर स्वाभाविक होते. पण ज्या वयात अक्षर ओळखावयाचे त्या वयातले धाकटे मूल दाराशी बसून राहिले, आणि त्याच्या नुकसानीची नोंद कोणत्याच गुणपत्रिकेत झाली नाही. परीक्षा जवळ आलेल्याची निकड मोठ्याने ओरडते. पाया घालावयाचा आहे त्याची निकड मुकी असते. घरी अभ्यासक्रम निवडणाऱ्याने या मुक्या निकडीकडे प्रथम पाहावे, असे मला वाटते.

शाळेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इयत्तेची, गणवेशाची आणि घंटेची आपण पुष्कळ टवाळी करतो. पण शाळा या गिरगावात कशी आली ते विसरतो. १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी आपल्या वाड्यात जागा दिली. तोपर्यंत घरोघरी शिक्षण होतेच. पण ते मुलग्यांचे होते. भाऊ पुढच्या ओटीवर धडा म्हणे आणि बहिणीच्या कानावर तो दाराआडून पडला तर पडे. घराने शेकडो वर्षे ज्या मुलीचे माप कधी घेतलेच नाही, तिच्या हाती शाळेने भावाच्या हातातले पुस्तक दिले. शाळेच्या ‘सारखेपणा’त ही मोठी न्यायबुद्धी लपलेली आहे. शिवाय शाळेच्या बाकावर शेजारी कोण बसेल, हे आईबाप ठरवीत नाहीत. गिरणी कामगाराचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एका बाकावर बसतात, निदान बसू शकतात. घरी शिकणाऱ्या मुलाभोवती जे जमतात ते बहुधा त्याच्याच जातीचे, त्याच्याच उत्पन्नाचे, त्याच्याच आवडीचे. ज्यांनी शाळा सोडली त्यांनी शाळेचा हा धडा तरी घरच्या अभ्यासक्रमात कोठेतरी लिहून ठेवला पाहिजे, आणि तो पुस्तकातून शिकविता येत नाही.

मग वेगवेगळ्या वयांच्या मुलांनी एकत्र शिकणे ही निव्वळ अडचणच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर दादरने फार पूर्वी दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. पण लहान मुलांविषयी त्यांनी जे शोधले त्याची खरी कसोटी पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि कोसबाडच्या टेकडीवर लागली. तेथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, असा प्रश्न पडला तेव्हा उत्तर साधे निघाले : मोठ्या मुलांना धाकटी भावंडे सांभाळावी लागत आणि गुरे राखावी लागत. दुसऱ्या एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने आईबापांना उपदेश केला असता. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारली. बहीण शिकावयास आली की कडेवरचे भावंडही बरोबर आले आणि शेजारीच रमले. जी गुराखी मुले तरीही येईनात त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली. तिचे नावही कुरणशाळा. वयांतले अंतर ही अडचण मानली असती तर ती मुले कायमची बाहेर राहिली असती. ते अंतर हेच घराचे स्वाभाविक रूप आहे, असे मानल्यावर वाट सापडली.

यातून घरासाठीही एक सूत्र निघते. सर्वच धडे वेगळे करावे लागत नाहीत. गणित ज्याच्या त्याच्या मापाचे हवे. वाचनही बऱ्याच अंशी तसेच. पण गोष्ट, गाणे, इतिहास, निसर्ग, स्वयंपाक आणि गावातली भटकंती यांचे पान एकच वाढावे. ज्याला जेवढी भूक तेवढे तो घेतो. भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला परदेशी लोकांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो कोसळून फुटला, आणि मग तुकडे जुळवून येथे ठेवला गेला. पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या पाठीवर बसावेसे वाटते. नऊ वर्षांचा विचारतो, एवढा जड दगड बोटीतून कसा आणला? तेरा वर्षांची थोरली विचारते, तो त्यांचा नव्हता तर ते नेत कसे होते? हत्ती एक, दुपार एक, आणि धडे तीन. शिवाय धाकटा ताईचा प्रश्न ऐकतो. आज त्याला तो कळत नाही, पण मनात कोठेतरी पडून राहतो. शाळेतल्या इयत्तेत हे घडत नाही, कारण तेथे पुढच्या वर्गाचा प्रश्न मागच्या वर्गाला ऐकू येत नाही. उलट थोरलीने धाकट्याला समजावून सांगितले तर तिला स्वतःला ते पक्के होते. मात्र तिला रोजची फुकट मास्तरीण करू नये. आठवड्यातून एक तास शिकविणे हे तिचे शिक्षण आहे. रोज तीन तास शिकविणे ही तिच्या वाट्याची चोरी आहे.

आता शेवटी माप कोणी घ्यावे, हा प्रश्न राहिला. मला वाटते, आईबापांचा निवडीचा अधिकार हा मालकाचा अधिकार नसून विश्वस्ताचा आहे. विश्वस्त दुसऱ्याची ठेव सांभाळतो, आणि धनी सज्ञान झाला की ती हिशेबासह परत करतो. फरक इतकाच की, येथे ही परतफेड एका दिवशी होत नाही. वर्षावर्षाने, थोडी थोडी करावी लागते. पाच वर्षांच्या मुलासाठी आईबापांनीच निवडावे. त्याला खेळ, भाषा आणि झोप पुरेशी मिळाली की झाले. नऊ वर्षांच्या मुलाला दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडू द्यावी, आणि निवड फसली तर ती आपलीही फसली असे समजावे. तेरा वर्षांच्या मुलीला मात्र खराखुरा शब्द असावा, आणि त्या शब्दात ‘मला शाळेत जायचे आहे’ हे वाक्यही बसले पाहिजे. ज्या घरात हे वाक्य उच्चारता येत नाही, तेथे शिक्षणाच्या नावाखाली आईबापांचाच हट्ट चालला आहे असे समजावे. म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडताना, पुढे मुलाने मन बदलले तर परत फिरता येईल की नाही, हे आधी पाहून ठेवावे. दहाव्या वर्षी मुलाने दिलेला होकार आपण वापरला असेल, तर सोळाव्या वर्षीचा नकार पेलण्याची तयारी आपल्याजवळ हवी.

हा अंक हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी असेल आणि आपणा सर्वांचीच घरे थोड्या दिवसांसाठी शाळा झालेली असतील. गिरगावातल्या आणि लालबागच्या चाळींच्या अंगणात, जेथे अजून अंगण उरले आहे तेथे, मुले मातीचा किल्ला करू लागतील. त्या कामाला इयत्ता नसते. सर्वांत धाकटा हळीव पेरतो आणि उगवले की नाही हे दर तासाला उकरून पाहतो. मधले दोघे-तिघे चिखल कालवतात, गोणपाट भिजवितात आणि बुरुज ढासळला म्हणून भांडतात. थोरला पुस्तकातून रायगडाचा नकाशा काढतो आणि दरवाजा कोणत्या बाजूला, यावर अडून बसतो. कोणी कोणाचा धडा ठरवीत नाही, तरी प्रत्येकाला आपापला धडा मिळतो; आणि महाराजांना सिंहासनावर कोणी बसवावयाचे हा वाद निघाला की बहुधा तो मान धाकट्याला मिळतो. आपण वडीलधाऱ्यांनी त्या वेळी गॅलरीत उभे राहून थोडा वेळ नुसते पाहावे, आणि विचारल्याशिवाय काही सांगू नये.